‘विशेष हेतू’च्या चिठ्ठीमागे

सामान्य काळातील अठ्ठाविसावा रविवार, १२ ऑक्टोबर २०२५
आजची वाचने: २ राजे ५:१४-१७, २ तीमथ्य २:८-१३, लूक १७:११-१९



आपल्या देवळाच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. मिस्साचे हेतू आणि प्रार्थनेच्या विनंत्या आपण तिच्यात टाकता. दर शनिवारी संध्याकाळी आम्ही, म्हणजे धर्मगुरू आणि रुग्णभेट गटाचे सभासद, ती पेटी उघडतो. चिठ्ठ्या वाचता वाचता सारा धर्मग्राम डोळ्यांपुढे उभा राहतो. संतोषनगरच्या आजींचे गुडघ्याचे ऑपरेशन, आंबेगावच्या एका काकांचे डायलिसिस, कुणाचा मुतखडा, कुणाची दहावीची परीक्षा, कुणाचे नोकरीचे पत्र. चिठ्ठीवर आजाऱ्याचे नाव असते, आजाराचे नाव असते, कधीकधी हॉस्पिटलचा वॉर्ड नंबरसुद्धा असतो.

पण दर आठवड्याला चार-पाच चिठ्ठ्या अशा निघतात, ज्यांवर फक्त एवढेच लिहिलेले असते: ‘विशेष हेतूसाठी’. ना नाव, ना गाव.

विशेष हेतू खासगी असावा, यात गैर काहीच नाही. देवाला सगळे ठाऊक असते. परंतु घरोघरी भेटी देताना हळूहळू आमच्या लक्षात आले, की यांतल्या कितीतरी चिठ्ठ्यांमागे एकच दुखणे दडलेले आहे. कॉलेज अर्धवट सोडून वर्षभर खोलीबाहेर न पडलेला मुलगा. बाळंतपणानंतर बाळाकडे बघायलाही तयार नसलेली सून. रात्र रात्र न झोपणारे, सारखे दाराची कडी तपासणारे वडील. कानात आवाज येतात म्हणणारी बहीण. इतक्या वर्षांत ‘माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, त्याच्यासाठी प्रार्थना करा’ अशी एकही चिठ्ठी आमच्या हाती आलेली नाही. ‘मला नैराश्याचा आजार आहे’ असे कुणी लिहिलेले नाही. का बरे?

उत्तर आजच्या शुभवर्तमानात आहे.

दूर उभे राहिलेले दहा जण

प्रभू येशू यरुशलेमकडे जात असताना एका गावाजवळ त्याला दहा कुष्ठरोगी भेटले. संत लूक एक लहानशी गोष्ट नोंदवून ठेवतो: ते दूर उभे राहिले. त्यांना जवळ येण्याची बंदी होती. गावाच्या शिवेबाहेर राहायचे आणि कुणी आले तर ओरडून सावध करायचे, असा नियम होता. शरीराचे दुखणे होतेच, पण त्याहून मोठे दुखणे हे होते, की त्यांना कुणाच्याही शेजारी बसता येत नव्हते.

आपल्या कात्रजहून कोंढव्याकडे गेले, की कुष्ठरोग्यांसाठीचे सरकारी रुग्णालय आहे. आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल, एके काळी या आजाराचे नावही घरात उच्चारत नसत. पूर्वजन्मीचे पाप, देवाचा कोप असे लोक म्हणत. आज काय स्थिती आहे? १९८० च्या दशकापासून एकत्रित औषधोपचार सुरू झाला. सहा महिने ते वर्षभर गोळ्या घेतल्या, की कुष्ठरोग बरा होतो. जो आजार पाप वाटत होता, तो जंतूंमुळे होणारा एक रोग ठरला. देव काही बदलला नाही. आपले ज्ञान वाढले.

आजच्या काळात दूर उभे राहणारे कोण आहेत? आम्हांला वाटते, मनाचा आजार झालेली माणसे आणि त्यांची कुटुंबे. ती आपल्याच बाकावर बसतात, आपल्याबरोबर ख्रिस्तशरीर स्वीकारतात, तरी दूर उभी असतात.

हे केवळ आपल्या गल्लीचे नाही

परवा शुक्रवारी, १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिन झाला. १९९२ पासून हा दिवस जगभर पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने याच वर्षी सांगितले आहे, की जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना कोणता ना कोणता मानसिक आजार आहे. २०२१ या एका वर्षात जगात सुमारे सात लाख सत्तावीस हजार माणसांनी आत्महत्या केली. हा प्रश्न श्रीमंत देशांचा आहे आणि गरिबाला असले आजार परवडत नाहीत, असे आपण गमतीने म्हणतो. ते खरे नाही. आत्महत्यांपैकी बहुसंख्य आत्महत्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच होतात.

आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून थोडे अधिक लोक त्या वेळी कोणत्या तरी मानसिक आजाराने ग्रासलेले आढळले. सुमारे पंधरा कोटी भारतीयांना मदतीची गरज आहे, असा अंदाज निघाला. पण खरा धक्का पुढे आहे. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण आजारानुसार ७० ते ९२ टक्के निघाले. म्हणजे दहा आजाऱ्यांमधले सात ते नऊ जण उपचारांविना!

याची कारणे अनेक आहेत. आपल्या देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही येत नाही. खेड्यात तर डॉक्टर दूर, बसभाडे महाग. पण कात्रजला राहणाऱ्या आपल्याला हे कारण सांगता येणार नाही. जवळच धनकवडीला भारती हॉस्पिटल आहे, ससूनला मानसोपचार विभाग आहे, येरवड्याला अडीच हजारांवर खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. आपण जात नाही, याचे कारण अंतर नाही, तर ‘लोक काय म्हणतील’ हे आहे. मुलीचे लग्न कसे जमेल, सोसायटीत काय बोलतील, देवळात कुठल्या नजरेने बघतील, ही भीती आहे.

नामान आणि साध्या गोळ्या

आजचे पहिले वाचन नामानाचे आहे. नामान अरामी सैन्याचा सेनापती होता. मोठा माणूस, पण कुष्ठरोगी. अलीशा संदेष्ट्याने त्याला निरोप पाठवला, यार्देन नदीत सात वेळा स्नान कर. नामान संतापला. त्याला वाटले होते, संदेष्टा स्वतः बाहेर येईल, हात उंचावून देवाचा धावा करील, काही तरी भव्य घडेल. नदीत आंघोळ? तीही सात वेळा? तो रागाने परत निघाला होता. त्याच्या चाकरांनी त्याची समजूत काढली: स्वामी, अवघड काही सांगितले असते तर आपण केलेच असते ना? मग हे सोपे का करू नये?

बंधुभगिनींनो, आपल्यात बरेच नामान आहेत. आपल्याला चमत्कार हवा असतो. रोज रात्री एक गोळी घ्या, महिन्याने परत दाखवायला या, झोपेची वेळ पाळा, समुपदेशकाशी दर आठवड्याला बोला, हे फार साधे वाटते. त्यात देव कुठे दिसतो? पण देव यार्देनच्या गढूळ पाण्यातही होता, आणि तो सातव्या डुबकीलाच कामाला आला असे नाही, पहिल्या डुबकीपासूनच होता.

येथे थोडी माहिती आवश्यक आहे. मनाचा आजार म्हणजे मनाचा दुबळेपणा नव्हे. मेंदू हा हृदय किंवा मूत्रपिंडासारखाच एक अवयव आहे. त्याच्या पेशींमधल्या रसायनांचे काम बिघडू शकते. कधी आनुवंशिकता कारण असते, कधी लहानपणीचा आघात, कधी बाळंतपण, दारू, कर्ज, लांबलेले दुखणे किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू. बहुधा एकापेक्षा जास्त कारणे एकत्र येतात. चार दिवस वाईट वाटणे हा आजार नव्हे. पण दोन आठवडे किंवा अधिक काळ मन उदास राहिले, कशातच रस वाटेना, झोप आणि भूक बिघडली, कामात लक्ष लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला औषध आहे. मात्र त्या औषधाचा गुण डोकेदुखीच्या गोळीसारखा अर्ध्या तासात येत नाही, दोन ते चार आठवडे तरी वाट पाहावी लागते. नेमके याच काळात अनेक जण कंटाळून गोळ्या बंद करतात. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात बरे वाटू लागल्यावर स्वतःच्या मनाने औषध थांबवले, तर आजार उलटण्याची शक्यता फार असते. मधुमेही माणूस साखर ताब्यात आली म्हणून इन्सुलिन फेकून देतो का? मग इथे आपण तसे का करतो?

आमची चूक

आता आम्हांला आपल्यापुढे एक कबुली द्यायची आहे. संबंधित कुटुंबाच्या परवानगीने आम्ही हे लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आपल्या धर्मग्रामात नगर जिल्ह्यातून येऊन स्थायिक झालेले एक कुटुंब होते. आई रोजच्या मिस्साला न चुकता येई. मतमाउलीच्या यात्रेला दरवर्षी हरेगावला जाई. थोरला मुलगा चांगला शिकलेला, नोकरीला लागलेला. हळूहळू तो सांगू लागला, की शेजारचे लोक आपल्यावर पाळत ठेवतात, भिंतीतून बोलतात. डॉक्टरांनी औषध सुरू केले. त्या मावशी आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “फादर, गोळ्यांनी तो नुसता झोपून राहतो. लोक म्हणतात हे बाहेरचं आहे. काय करू?”

त्या वेळी आम्ही काय सांगितले? आम्ही त्यांना नोव्हेना करायला सांगितले. मुलाला प्रार्थनाशिबिराला पाठवा म्हणालो. ‘श्रद्धा असेल तर गोळ्यांची गरज उरणार नाही’ असे आमच्यापैकी एकाने म्हटले, आणि बाकीच्यांनी ते खोडून काढले नाही. मुलगा शिबिराला गेला, परत आला, मावशींनी आनंदाने गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी एके रात्री तो घरातून निघून गेला. तीन दिवसांनी तो एका एसटी स्टँडवर सापडला. पायांत चप्पल नव्हती, पोटात अन्न नव्हते.

देवाच्या कृपेने तो वाचला. पुन्हा उपचार सुरू झाले. आज तो एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस काम करतो. पण गोष्ट इथे संपत नाही. तो बरा होऊन आईबरोबर मिस्साला आला, तेव्हा ज्या बाकावर ते दोघे बसले, त्या बाकावरची माणसे हळूच पलीकडे सरकली. कुणी काही बोलले नाही. शांतिचिन्हाच्या वेळी त्याने पुढे केलेला हात तसाच राहिला. त्यानंतर ते कुटुंब आपल्या देवळात आलेले नाही. ते दुसऱ्या चर्चला जातात.

गोळ्या बंद करायला लावणारा आमचा सल्ला चूक होता. पण बाकावरून सरकणे ही आपल्या सर्वांची चूक होती.

प्रार्थना आणि औषध

मग आम्ही प्रार्थना करू नका म्हणतो का? मुळीच नाही! आजारात प्रार्थना करावी, आजाऱ्यांचा संस्कार घ्यावा, जपमाळ करावी. प्रार्थना माणसाला एकटे पडू देत नाही. परंतु प्रार्थनेने औषधाची जागा घ्यावी, असे ख्रिस्तसभा कधीही शिकवत नाही. बेनसिराच्या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखण्याचा उपदेश आहे, कारण वैद्य आणि औषधी दोन्ही देवानेच निर्माण केल्या आहेत. आजाऱ्याने प्रार्थनाही करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असे तो ज्ञानी पुरुष एकाच ठिकाणी सांगतो.

‘भूतबाधा’ हा शब्द आपल्यात फार सहज वापरला जातो. ख्रिस्तसभा तो सहज वापरत नाही. बिशपांच्या खास परवानगीशिवाय कोणत्याही धर्मगुरूला भूत काढण्याचा विधी करता येत नाही. आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करून घेणे बंधनकारक आहे, कारण आजारावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. म्हणून कुणी पैसे घेऊन ‘सुटका’ करून देतो म्हणाला, रुग्णाला उपाशी ठेवा किंवा बांधून ठेवा म्हणाला, तर त्याच्याकडे जाऊ नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास स्पष्ट मनाई केली आहे. आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल सांगतो, की तो स्वतः बेड्यांत असला तरी देवाचे वचन बेड्यांत नाही. जे वचन स्वतः बांधले जात नाही, त्याच्या नावाने आपण कुणाला बांधून कसे ठेवणार?

आणखी एक जड विषय. आपल्यातील काही कुटुंबांनी आत्महत्येत आपले माणूस गमावले आहे. त्या घरांतून आजही आम्हांला विचारले जाते, “फादर, त्याला स्वर्ग मिळेल का?” जुन्या काळी, १९१७ च्या धर्मसंहितेनुसार, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाई. १९८३ च्या धर्मसंहितेने ती बंदी ठेवलेली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट शिकवण आहे, की गंभीर मानसिक विकार, तीव्र भीती किंवा यातना यांमुळे त्या माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तींच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. देशाचा कायदाही आता त्याच वाटेने आला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरावे, त्याला शिक्षेऐवजी मदत द्यावी, हे तत्त्व २०१७ च्या कायद्याने मान्य केले आणि तो मे २०१८ पासून लागू झाला. ज्या घरांत असे घडले आहे, त्यांनी नोव्हेंबरमध्ये मृतांच्या स्मरणदिनाच्या यादीत आपल्या माणसाचे नाव निःसंकोच द्यावे. वेदीवरून आम्ही ते मोठ्याने वाचू.

याजकांकडे का पाठवले?

पुन्हा शुभवर्तमानाकडे वळू. येशूने त्या दहा जणांना बरे करताना एक विचित्र आज्ञा दिली: जा, स्वतःला याजकांना दाखवा. असे का? कारण मोशेच्या नियमाप्रमाणे कुष्ठरोगी शुद्ध झाला हे याजकाने जाहीर केल्याशिवाय त्याला गावात परतता येत नसे. येशूला फक्त त्यांची कातडी बरी करायची नव्हती. त्यांना आपल्या घरी, आपल्या अंगणात, आपल्या लोकांत परत पाठवायचे होते.

आज आम्हांला आपल्याला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. बरे करणे डॉक्टरांचे काम आहे, परत घेणे आपले काम आहे. पहिले झाले आणि दुसरे झाले नाही, तर ते बरे होणे अर्धेच राहते. देशभरच्या मनोरुग्णालयांत असे रुग्ण आहेत, जे केव्हाच बरे झाले, पण घरचे न्यायलाच आले नाहीत. कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणासाठी कुणाला रुग्णालयात ठेवू नये, समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे, असे कायदा सांगतो. पण कायदा कुणाच्या शेजारी बाकावर बसू शकत नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

हे घडू शकते, याची साक्ष आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे. बेल्जियममध्ये गील नावाचे गाव आहे. मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फना हिचे तेथे देऊळ आहे. मध्ययुगात दूरदूरहून लोक आपल्या मनोरुग्ण नातेवाइकांना तेथे आणत. देवळाजवळची जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरांत ठेवून घ्यायला सुरुवात केली. ही माणसे त्या कुटुंबांत जेवत, शेतात आणि स्वयंपाकघरात हातभार लावत, मुलांना खेळवत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या एका गावात साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण घराघरांतून राहत होते. आता ही संख्या पुष्कळ कमी झाली आहे, तरी परंपरा सुरू आहे, आणि २०२३ मध्ये युनेस्कोने तिची दखल घेतली. गीलचे लोक त्यांना पेशंट म्हणत नाहीत, घरी राहायला आलेली माणसे समजतात.

एवढ्या दूर जायलाच हवे असे नाही. डॉ. जगन्नाथ वाणी हे मूळचे धुळ्याचे, कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. अशा वेळी बहुतेक माणसे दार लावून घेतात. त्यांनी दार उघडले. त्यांच्या प्रयत्नांतून आपल्या पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली. रुग्णांचे नातेवाईक तिथे एकत्र बसून बोलू लागले. २००४ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा चित्रपट आला. त्यात अतुल कुलकर्णी यांनी अशाच एका रुग्णाची भूमिका केली. त्या चित्रपटामागेही डॉ. वाणींचा पाठिंबा होता. हा आजार आपल्या घरात आहे, असे उघड सांगण्याचे बळ त्यातून अनेक मराठी कुटुंबांना मिळाले. २०१७ मध्ये डॉ. वाणी वारले. एका माणसाने लपवायचे नाही असे ठरवले, आणि किती घरांची दारे उघडली!

कात्रजचा नळ

आपल्या कात्रजचा तलाव आपण रोज बघतो. १७४९ च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी इथून शहरात पाणी नेण्याचे काम सुरू केले. जमिनीखालून दगडी नळ बांधला, त्यातून पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत जाई. तो नळ इतका मोठा, की माणूस आत उतरून गाळ काढू शके. आणि बांधणाऱ्यांनी एक शहाणपण केले. ठिकठिकाणी वर उघडणारी तोंडे ठेवली. त्यांना उच्छ्वास म्हणतात. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे आणि आत काय साचले आहे हेही बघता येई. पूर्ण बंद नळ आतल्या दाबाने फुटला असता.

माणसाचे मनही जमिनीखालून वाहणारे असते. वरून काही दिसत नाही. म्हणून प्रत्येक घराला, प्रत्येक धर्मग्रामाला उच्छ्वास हवेत. ऐकून घेणारे एक माणूस म्हणजे एक उच्छ्वास. ‘डोक्यातून काढून टाक’, ‘तुला काय कमी आहे?’, ‘आम्ही नाही का सोसले?’ ही वाक्ये म्हणजे त्या तोंडावर ठेवलेले दगड. ते दगड आपण काढू या.

आपण काय करू शकतो?

१. आजाराचे नाव घ्या. घरात कुणाला मनाचा आजार असेल, तर निदान एका विश्वासू माणसाला सांगा. चिठ्ठीवर आजाराचे नाव लिहायला हरकत नाही. रुग्णाची इच्छा असेल तरच आम्ही नाव वाचू, नाहीतर आजार वाचू आणि नाव मनात ठेवू.

२. मुलांकडे लक्ष द्या. निम्मे मानसिक आजार अठरा वर्षांच्या आत सुरू होतात. अचानक घसरलेले मार्क, तुटलेली मैत्री, खोलीचे सतत बंद दार यांवर ओरडण्याआधी शेजारी बसून विचारा.

३. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. कुणी धर्मगुरू, सिस्टर किंवा प्रार्थनागटाचा माणूस सांगत असेल, तरीही नाही. आम्ही सांगितले तरी ऐकू नका!

४. कुणी मरणाची भाषा केली, तर ती धमकी समजू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन हलके होते. त्या माणसाला एकटे सोडू नका. शासनाची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. ती मोफत आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येते. आजच हा क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा.

५. सांभाळणाऱ्याला विसरू नका. हृदयाचे ऑपरेशन झालेल्या घरी आपण डबा नेतो. मनाचा आजार असलेल्या घरीही डबा न्या. त्या आईला दोन तास बाहेर जाता यावे म्हणून तिच्या मुलापाशी बसा. यासाठी आमच्या गटात नावे देणाऱ्यांचे स्वागत आहे.

परत आलेला एक

दहांपैकी एकच जण परत आला, आणि तो शोमरोनी होता. ज्याला सगळ्यांनी परका मानले, त्यालाच आभार मानायचे सुचले. येशूने विचारले, बाकीचे नऊ कुठे आहेत? हा प्रश्न आम्हांला गेले काही दिवस स्वस्थ बसू देत नाही. आपल्या धर्मग्रामातले नऊ कुठे आहेत? जे इथे होते आणि आता नाहीत?

गेल्या महिन्यात आम्ही त्या मावशींच्या घरी गेलो. क्षमा मागितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांच्या मुलानेच चहा करून आणला. निघताना मावशी म्हणाल्या, “फादर, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण देवळात यायचं मी त्याच्यावर सोपवलंय.” तो काय ठरवील, आम्हांला ठाऊक नाही. मात्र एखाद्या रविवारी तो आला आणि आपल्या बाकापाशी उभा राहिला, तर आपण सरकायचे आहे. पलीकडे जायला नव्हे, त्याला जागा द्यायला. आणि शांतिचिन्हाच्या वेळी पहिला हात आपला असू द्या.

प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, दूर उभे राहिलेल्यांची हाक तू ऐकलीस. गेथशेमानी बागेत तुझ्याही मनाने मरणप्राय दुःख अनुभवले, आणि जवळची माणसे तेव्हा झोपली होती. ज्यांना आज रात्री झोप येणार नाही त्यांच्याजवळ राहा. डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक यांच्या हातांना यश दे. रुग्णांची सेवा करून थकलेल्या आईवडिलांना, पतीपत्नींना, भावंडांना बळ दे. आमच्या बोलण्याने जे दुखावले त्यांची आम्ही क्षमा मागतो. पवित्र मरिये, आजाऱ्यांच्या आरोग्यमाते, आणि संत डिम्फने, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.